दुकान रस्त्यावर की गिऱ्हाइकाच्या खिशात?

वार्षिक अंकात कला शाखेच्या विद्यार्थ्याने काय लिहावे याचे काही अलिखित संकेत ठरून गेलेले आहेत. सहलीचे वर्णन, एखादी कविता, आवडत्या कादंबरीचा परिचय, फार तर ‘आजचा युवक आणि उद्याचा भारत’. या संकेताचा भंग करून मी अ‍ॅप आणि वेब यांवर लिहायला बसलो आहे, हे पाहून संगणक विभागातील मित्र हसतील आणि मराठी विभागातील प्राध्यापक भुवया उंचावतील. दोघांचीही आधीच क्षमा मागतो. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही, तृतीय वर्ष कला शाखेत अर्थशास्त्र शिकतो. पण गेल्या पौषापासून हा प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या ताटाशेजारी येऊन बसला आहे, आणि त्यात दहा बायकांच्या चार वर्षांच्या बचतीचे पैसे गुंतले होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी मावशी एका महिला बचत गटाची अध्यक्षा आहे. गटाचे उत्पादन म्हणजे सोलापूरची शेंगा चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी. चटणी उखळात कुटलेली, मिक्सरची नव्हे. कडक भाकरी नीट ठेवली तर आठवडे टिकते, त्यामुळे पुण्या-मुंबईला गेलेला सोलापूरकर गावी आला की परतताना पिशवीत ती असतेच. दरवर्षी संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते, तेव्हा गटाचा माल बऱ्यापैकी खपतो. या वर्षी यात्रेतील विक्री चांगली झाली आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकांनी विचारले, “ताई, पुन्हा पाहिजे असेल तर कुठं मागवायचं?” मावशी प्रत्येकाला आपला फोन नंबर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून देत होती. ते पाहून माझा मावसभाऊ म्हणाला, “आई, चिठ्ठ्या काय वाटतीस? आपण आपलं अ‍ॅप काढू!”

झाले! त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. भावाने बाहेरगावच्या एका मुलाकडून अ‍ॅपचे अंदाजपत्रक आणले, एक लाख वीस हजार रुपये. गटाच्या खात्यात तेव्हा जेमतेम एक लाख तीस हजार होते. त्या पैशांतून नवे गॅसचे मोठे शेगडे आणि भाकरी वाळवण्यासाठी पत्र्याची शेड घ्यायची असे आधीच ठरले होते. म्हणजे प्रश्न केवळ अ‍ॅप की वेब असा नव्हता. अ‍ॅप की शेड, असा होता. मावशीने मला विचारले, “तू कालेजात शिकतोस, तूच सांग.” मी सांगण्याआधी शिकायचे ठरवले. जे शिकलो ते आणि त्यावरून जे मत झाले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम दोन्ही गोष्टींतला भेद साध्या शब्दांत सांगितला पाहिजे. वेब अ‍ॅप म्हणजे ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की उघडणारे दुकान. काही उतरवून घ्यावे लागत नाही. साध्या फोनवर, महागड्या फोनवर, नेट कॅफेतल्या जुन्या संगणकावर ते सारखेच उघडते. मोबाईल अ‍ॅप म्हणजे प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधून उतरवून गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये बसवलेले दुकान. पहिल्यात गिऱ्हाईक आपल्याकडे येते, दुसऱ्यात आपण गिऱ्हाइकाच्या खिशात राहायला जातो. खिशात जागा मिळाली तर याहून भाग्य कोणते! पण जागा मिळते का, हाच तर मूळ प्रश्न आहे.

इतिहास पाहिला तर गंमत दिसते. 2007 साली पहिला आयफोन बाजारात आला तेव्हा बाहेरच्या लोकांना त्याच्यासाठी अ‍ॅप बनवायची सोयच नव्हती. वेब अ‍ॅप बनवा, तेवढे पुरे, असेच स्टीव्ह जॉब्ज यांचे त्या वेळचे सांगणे होते. एका वर्षात वारे फिरले आणि 10 जुलै 2008 रोजी अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर उघडले. तेथून अ‍ॅपची जी लाट आली ती आपल्या देशात 2015 साली शिखराला पोचली असे म्हणता येईल. त्या वर्षी मे महिन्यात ‘मिंत्रा’ या कपडे विकणाऱ्या कंपनीने आपले संकेतस्थळ बंद करून ‘यापुढे फक्त अ‍ॅप’ असा निर्णय घेतला. साधारण वर्षभरात, जून 2016 मध्ये, कंपनीला संकेतस्थळ पुन्हा सुरू करावे लागले. मोठ्या पडद्यावर कपडे पाहून घेणारे गिऱ्हाईक अ‍ॅपच्या दारातून आत यायला तयार नव्हते. मिंत्राची मालक असलेल्या फ्लिपकार्टने तर नोव्हेंबर 2015 मध्येच ‘फ्लिपकार्ट लाइट’ नावाने ब्राउझरमध्ये चालणारे, पण अ‍ॅपसारखे वागणारे दुकान काढले. कोट्यवधी रुपयांचे भांडवल असलेल्यांनी ही चूक केली आणि निभावून नेली. एक लाख तीस हजारांच्या बचत गटाला चूक करून सुधारण्याची चैन परवडणार नाही.

फार लांब कशाला जा! आपल्याच राज्यातली दोन उदाहरणे घेऊ. 2024 साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली आणि 1 जुलैपासून अर्ज सुरू झाले. प्रारंभी ऑनलाइन अर्जाचे मुख्य साधन ‘नारीशक्ती दूत’ हे मोबाईल अ‍ॅप होते. पुढच्याच महिन्यात अर्जांसाठी स्वतंत्र संकेतस्थळ आले. आमच्या गल्लीत मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या बाईच्या फोनमध्ये अ‍ॅप बसत नव्हते ती शेजारणीचा फोन मागत होती. संकेतस्थळ आल्यावर कुठल्याही संगणकावर बसून काम होऊ लागले. संकेतस्थळही ताणाखाली अडखळे, ओटीपी येण्यास वेळ लागे, हेही खरे. पण दार रुंद झाले.

आता दुसरी बाजू. 2021 साली राज्यात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि त्यासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश जायचे, अशी ही पद्धत. येथे मोबाईल अ‍ॅप निवडले ते योग्यच, असे मला वाटते. मोहोळ किंवा मंगळवेढ्याच्या रानात रेंज असेलच असे नाही. तेथे माहिती फोनमध्ये साठवून नंतर पाठवण्याची सोय लागते, कॅमेरा लागतो, जागा ओळखण्याचे यंत्र लागते. हे काम संगणकापाशी बसून करण्याचे नाहीच. म्हणजे अ‍ॅप वाईट आणि वेब चांगले असा हा वाद नाही. कामाचा स्वभाव पाहून साधन निवडावे, एवढेच म्हणणे आहे.

परंतु योग्य साधनसुद्धा चुकीच्या हातात नेऊन ठेवले तर काय होते, तेही 2021 साली महाराष्ट्राने पाहिले. अंगणवाडी सेविकांना पोषणाची नोंद ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपवर करायची होती. अ‍ॅपमध्ये इंग्रजीची अडचण, आणि मिळालेले फोन कमी क्षमतेचे व वारंवार बिघडणारे, अशी त्यांची तक्रार होती. त्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन शासनाला परत केले. ही घटना मला फार बोलकी वाटते. अ‍ॅप हे हवेत चालत नाही. ते कुणाच्या तरी फोनमध्ये चालते. तो फोन कसा आहे, त्यात जागा किती आहे, त्याची मालकीण कोणती भाषा वाचते, याचा विचार न करता काढलेले अ‍ॅप म्हणजे पायाचे माप न घेता शिवलेली चप्पल.

माप घ्यायचे म्हणून मी यात्रेच्या शेवटच्या दोन दिवशी होम मैदानावरच्या गटाच्या टपरीवर वही घेऊन बसलो. जे गिऱ्हाईक “पुन्हा मागवू” म्हणे त्याला विचारी, “काका, आमचं अ‍ॅप काढलं तर फोनमध्ये घ्याल का?” उत्तरे ऐकण्यासारखी होती. एक पुण्याचे गृहस्थ म्हणाले, “चटणीसाठी अ‍ॅप? अहो, वर्षातून तीनदा मागवणार मी.” एका आजींनी फोनच माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “बघ बाबा, ह्यात जागाच न्हाई म्हनतंय.” पाहिले तर फोन सुप्रभाताच्या चित्रांनी गच्च भरलेला! एक तरुण म्हणाला, “अ‍ॅप नको, लिंक पाठवा. मी आमच्या ग्रुपवर टाकतो, चार लोक अजून मागवतील.” बहुतेकांचे म्हणणे याच धाटणीचे होते. ‘होय, घेतो अ‍ॅप’ म्हणणारेही भेटले. त्यांतले दोघे भावाचे मित्र होते.

त्या तरुणाच्या वाक्यात मला अर्थशास्त्राचा एक अख्खा धडा सापडला. आपल्याकडे माल तोंडी शिफारशीवर खपतो. पूर्वी ती शिफारस पारावर किंवा गिरणीच्या दारात होई, आता व्हॉट्सअ‍ॅपवर होते. तेथे पाठवायला एक पत्ता लागतो. पत्त्यावर बोट टेकले की दुकान उघडले पाहिजे. अ‍ॅपच्या बाबतीत बोट टेकले की आधी स्टोअर उघडते, मग उतरवून घ्या, मग परवानगी द्या, मग नंबर टाका, मग ओटीपी. चटणी खाण्याची इच्छा इतकी चिकाटीची नसते. शिवाय बोलण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप आणि पैसे देण्यासाठी यूपीआयचे अ‍ॅप ही दोन्ही गिऱ्हाइकाच्या खिशात आधीपासून आहेतच. आपण तिसरे कशासाठी न्यायचे? आपले वेबचे पान त्या दोहोंना जोडणारा पूल झाले तरी पुष्कळ.

आता खर्चाचा हिशेब. अंदाजपत्रकातला आकडा हा अ‍ॅपचा जन्मखर्च असतो. संगोपनाचा खर्च त्यात क्वचितच दिसतो. प्ले स्टोअरवर खाते उघडायला एकदाच 25 डॉलर लागतात, अ‍ॅपलकडे दरवर्षी 99 डॉलर. ही रक्कम जड नाही. जड आहे ती देखभाल. फोनची प्रणाली दरवर्षी बदलते आणि अ‍ॅप तिच्याबरोबर अद्ययावत ठेवावे लागते. फार मागे पडलेले अ‍ॅप नव्या फोनवाल्यांना प्ले स्टोअरमध्ये दिसेनासे होते. गूगलने 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांवर आणखी एक अट घातली आहे. अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी ठरावीक परीक्षकांनी, सध्याच्या नियमाप्रमाणे किमान 12 जणांनी, सलग 14 दिवस ते वापरून पाहिले पाहिजे. नियम गैर आहे असे मी म्हणत नाही. पण दुकानाच्या चाव्या कुणाकडे राहतात हे त्यावरून कळते. स्टोअर म्हणजे घरमालक. त्याच्या अटी बदलल्या की भाडेकरूने बदलायचे.

आमच्या ओळखीच्या एका टॉवेलच्या कारखानदारांनी काही वर्षांपूर्वी असेच अ‍ॅप काढले होते. उद्घाटनाला पेढे वाटले. करून देणारा मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, पुढचे बदल कुणी केले नाहीत, आणि दोन वर्षांनी ते अ‍ॅप नव्या फोनवर उघडेनासे झाले. त्यांचा धंदा चांगला चालू आहे, कारण तो अ‍ॅपवर कधी चाललाच नव्हता. आमच्या गटाला मात्र तेवढा तोटा सोसून हसता आले नसते.

उलट बाजूचे मुद्दे मी टाळू इच्छित नाही, कारण भाऊ हा अंक वाचणार आहे! त्याचा पहिला मुद्दा असा की अ‍ॅप असले की गिऱ्हाइकाला आठवण करून देता येते. सणाच्या आधी फोनवर सूचना जाते. खरे आहे. पण ब्राउझरमधून सूचना पाठवण्याची सोय अँड्रॉइडवर पूर्वीपासून आहे आणि मार्च 2023 पासून आयफोनवरही, पडद्यावर चिकटवून ठेवलेल्या वेब अ‍ॅपला, ती मिळाली आहे. दुसरा मुद्दा, आता एकदाच लिहून दोन्ही प्रकारच्या फोनांसाठी अ‍ॅप बनवता येते, त्यामुळे खर्च निम्मा होतो. हेही खरे, पण निम्मा झालेला खर्चही गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये जागा निर्माण करू शकत नाही. तिसरा मुद्दा त्याने रागाने मांडला आणि तोच सर्वांत प्रामाणिक होता. तो म्हणाला, “पुण्याच्या पोरांची अ‍ॅपं असतात. आपल्या आयांनी काय कायम चिठ्ठ्याच वाटायच्या?”

या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ होतो. सोलापूरच्या मुलाला हा सल आहेच. 1877 साली ज्या गावात कापडाची पहिली मोठी गिरणी उभी राहिली, त्या गावाची मुले आज शिक्षण संपले की सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडतात. अ‍ॅप हे त्याला प्रतिष्ठेचे, बरोबरीचे चिन्ह वाटते. मी त्याला हसत नाही. पण प्रतिष्ठा साधनात नसते, साधनाच्या जाणत्या निवडीत असते. हे मला आमच्या पूर्व भागातल्या मागवाल्यांनी शिकवले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले ते नवे माग दिसतात छान म्हणून नव्हे, तर त्या चादरीची वीण, तिचा टिकाऊपणा आणि गावाचे नाव एकमेकांशी जोडले गेले म्हणून. जुना विणकर अजून सांगतो की आधी मागणी पाहावी, मग माग घालावा. आमचा भाऊ मागणी पाहण्याआधी माग घालायला निघाला होता.

म्हणून माझे मत असे. ज्याला आपले उत्पादन लोकांपर्यंत न्यायचे आहे त्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. गिऱ्हाईक महिन्यातून किती वेळा येणार? कामाला कॅमेरा, जागेची खूण, रेंजशिवाय चालणे यांची खरी गरज आहे का? नवे गिऱ्हाईक कोणत्या वाटेने येणार, शोधून की कुणी पाठवलेल्या पत्त्यावरून? आणि बनवणारा निघून गेल्यावर देखभाल कोण करणार, कोणत्या पैशांतून? रोजचा वापर असेल, फोनच्या अवयवांची गरज असेल आणि देखभालीची तरतूद असेल तर अ‍ॅप जरूर काढावे. बाकी साऱ्यांनी वेबपासून सुरुवात करावी. वेबवरून पुढे अ‍ॅपकडे जाता येते. गिऱ्हाइकांची नावे, मागणीचा हंगाम, कोणता माल खपतो, ही सारी शिदोरी बरोबर नेता येते. अ‍ॅपमध्ये आधीच पैसे घातले की परत फिरताना हातात काही उरत नाही.

आणि येथे कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा संबंध येतो, म्हणून हा लेख या अंकात. या चार प्रश्नांतला एकही प्रश्न संगणकाचा नाही. ते माणसांचे, सवयींचे, भाषेचे प्रश्न आहेत. आमच्या गटाच्या पानावर ‘कार्टमध्ये जोडा’ असे लिहिले होते, मावशी म्हणाली, “जोडा म्हंजे चप्पल का?” आम्ही ‘पिशवीत टाका’ केले. सोलापुरात मराठीच्या जोडीला तेलुगू आणि कन्नड घराघरांत बोलली जाते. पान तीन भाषांत करायचे तर तांत्रिक अडचण मुळीच नाही, नेमके शब्द शोधणाऱ्यांची अडचण आहे. आपल्या महाविद्यालयात या तिन्ही भाषांची मुले एका बाकावर बसतात. गावातले गट, छोटे कारखानदार आणि आपले भाषा व अर्थशास्त्राचे विभाग यांची गाठ घालून द्यावी, अशी विनंती मी प्राध्यापकवर्गाला या लेखाद्वारे करतो. अंदाजपत्रक आणणारे पुष्कळ आहेत. ते वाचून प्रश्न विचारणारे हवे आहेत.

शेवटी काय झाले, हे सांगायला हवे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी गटाची बैठक झाली. भावाने आपली बाजू मांडली, मी माझी. दहा बायकांनी दोघांचेही शांतपणे ऐकले. मग मावशीने भावाला एकच विचारले, “गिऱ्हाइकानं ते फोनात घेतलंच न्हाई, तर पैसे परत देतोय का तो पोरगा?” भाऊ गप्प बसला. पैसे शेडला आणि शेगड्यांना गेले. पत्त्याचे वार्षिक भाडे आणि पान ठेवण्याची जागा धरून दोन-तीन हजारांत वेबचे काम भागले. ते पान भावानेच बनवले, हे मुद्दाम नमूद करतो. माझ्याच्याने ते झाले नसते. त्यावर चटणीचे आणि भाकरीचे छायाचित्र आहे, दर आहेत, अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी नोंदवण्याचे बटण आहे.

मागण्या येत आहेत. फार नाहीत, पण थांबलेल्याही नाहीत. माझे मत चुकीचे ठरले तर ते लपवता येणार नाही. इतिवृत्ताच्या वहीत ‘सूचक’ म्हणून माझे नाव आहे आणि खाली दहा सह्या आहेत, त्यांतल्या तीन अंगठ्यांच्या. पुढच्या यात्रेत मावशी चिठ्ठ्याच वाटणार आहे. फक्त त्यांवर फोन नंबरच्या जोडीला एक पत्ता छापलेला असेल.